कोलोरॅडोच्या काठी किड्यांची मोजणी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, लीज फेरी येथे आम्ही मगरिबच्या सुमारास कोलोरॅडो नदीकाठी पोहोचलो. वर सुमारे 25 किलोमीटरवर ग्लेन कॅनियन धरण आहे. 1963 पासून त्याने नदी अडवली आहे. जलाशयाच्या खोलातून येणारे पाणी हाताला बर्फासारखे लागते.

येथे मासे मोजताना शास्त्रज्ञ होडीतून पाण्यात वीज सोडतात. क्षणभर गुंगलेले मासे मोजून, मापून पुन्हा सोडून देतात. किड्यांच्या मोजणीत 2012 पासून नावाडीही हातभार लावतात. अंधार पडताच तासभर दिवा लावायचा आणि खालच्या ताटलीत पडलेले किडे बाटलीत भरून पाठवायचे.

या मोजणीतून दुखणे कळले. विजेची मागणी वाढली की धरणातून पाणी जास्त सुटते, घटली की नदी उतरते. काठाशी घातलेली अंडी मग उघडी पडून सुकतात. किडे घटले की माशांचे अन्नही घटते. म्हणून 2018 च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पाणी कमी आणि स्थिर ठेवून पाहिले.

आपल्या चिपळूणच्या वाशिष्ठीतही कोयनेच्या वीजघरांचे अवजल येते. तिच्या काठच्या शाळांनाही एक दिवा आणि एक ताटली पुरेल.