कीपर वगळून

‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेममध्ये आकाशगंगेच्या नकाशावरचा एखादा ग्रह निवडला, की पडद्याच्या कडेला त्याची माहिती उमटते. तापमान, दिवसाची लांबी, वसाहत कधी झाली, लोकसंख्या किती. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने २००७ साली हा गेम काढला; पुढचे दोन भाग २०१० आणि २०१२ साली आले. बंदुका चालवायची त्यात भरपूर सोय आहे, पण मला गोडी लागली ती या कडेच्या मजकुराची. ‘काका गॅझेटियर खेळतात’ असं पुतण्या मित्रांना सांगतो. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे प्रत्येक योजनेच्या आधी आणि नंतर एक आकडा येतो, तिथे वाढलेल्या माणसाला दुसरं काय आवडणार?

या विश्वाची राजधानी म्हणजे सिटाडेल नावाचं अवाढव्य अंतराळस्थानक. त्याची लोकसंख्या दिली आहे १ कोटी ३२ लाख, आणि लगेच पुढे खुलासा: कीपर वगळून. कीपर हे हिरवट, किड्यासारखे दिसणारे मुके जीव. स्थानकाची सगळी डागडुजी तेच करतात. कुठून आले ते कुणाला ठाऊक नाही, त्यांच्या कामात ढवळाढवळ करायला कायद्याने मनाई आहे. ते नसतील तर सिटाडेल चालणार नाही, हे सर्वांना मान्य. फक्त मोजताना ते धरायचे नाहीत.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. ही गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत, आणि फेब्रुवारीत साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागातली गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ती पुन्हा भरतात. तोवर गावात राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी पोरं. गणनेचा नियम असा, की त्या सगळ्या दिवसांत माणूस घरी नसला, तर जिथे सापडेल तिथे त्याला मोजायचं. नियमात खोट नाही. पण प्रगणक दिवसा येणार आणि टोळी पहाटेच फडात गेलेली असणार. पाचटाच्या कोपीला घर क्रमांक नसतो. तेव्हा बीडची काही माणसं कोल्हापूर-सांगलीच्या रकान्यात गेली असतील, काही बेळगावच्या, आणि काही कुठल्याच नाही. २०२१ ची जनगणना लांबत लांबत गेली. आता माणसांची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत ठरली आहे. म्हणजे पुन्हा हंगामातच.

टोळी जमवणाऱ्या मुकादमाची मोजणी याहून पक्की. तो कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. वाढं गोळा करणारी, धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसणारी लेकरं या हिशेबात कुठेच नाहीत.

या गेममधली क्वारियन ही जमात तर मला आमच्या शिवारातलीच वाटते. तीनशे वर्षांपूर्वी त्यांनी कामासाठी बनवलेली यंत्रं त्यांच्यावर उलटली, ग्रह सोडावा लागला, आणि तेव्हापासून सुमारे १ कोटी ७० लाख क्वारियन पन्नासेक हजार जहाजांच्या तांड्यातून फिरताहेत. जागा आणि अन्न मोजकं, म्हणून एका जोडप्याला एकच मूल. लोकसंख्या घटू लागली तर तेवढ्यापुरता हा नियम उठवायचा. पिढ्यान्‌पिढ्या बंद जहाजात राहून त्यांची प्रतिकारशक्ती इतकी खालावली आहे, की जन्मभर मुखवटा आणि पोशाख चढवूनच वावरावं लागतं. आणि ज्या बंदरात उतरतील तिथे लोक आधी आपला खिसा चाचपतात. दुसऱ्या भागात सिटाडेलवर एका क्वारियन मुलीवर पैसे चोरल्याचा आळ येतो. आळ घेणारा वोलस जातीचा आहे, त्याला साथ द्यायला एक पोलीसही उभा. आपण चौकशी केली तर कळतं, की तो गृहस्थ आपली चीज एका दुकानात विसरला होता. ती सापडल्यावरही दोघे त्या मुलीची माफी काही मागत नाहीत. गेममधली ही अगदी फुटकळ कामगिरी, पाच-दहा मिनिटांची. पण फडाशेजारच्या गावात कुणाची मोटर चोरीला गेली, की पहिली विचारपूस कोणत्या कोप्यांत होते हे ज्याला माहीत आहे, त्याला लिहिणाऱ्याची नजर किती बारीक आहे ते कळेल. एडमंटनला ऊस होत नाही, तरी त्याला हे कुठून समजलं कोण जाणे.

सलारियन मात्र मला पटत नाहीत. चपळ, हुशार, बेडकासारखे ओलसर कातडीचे हे लोक जेमतेम चाळीस वर्षं जगतात. मादी वर्षाला डझनावारी अंडी घालते. फळलेल्या अंड्यातून मादी निघते, न फळलेल्यातून नर. किती अंडी फळू द्यायची यावर समाजाचे कडक निर्बंध, त्यामुळे शंभरातले नव्वद नर. इथवर ठीक. पुढे गेम सांगतो, की माद्या इतक्या कमी म्हणून सत्ता त्यांच्याच हाती. घराण्याची प्रमुख मादी, तिला डालाट्रास म्हणतात, आणि सगळे करारमदार, सगळं राजकारण ती चालवते.

टंचाई आली की किंमत वाढते, हा बाजाराचा नियम गेमवाल्यांनी जिवांना लावून टाकला. आमच्याकडेही मुली कमी होऊ लागल्या तेव्हा शहाणी माणसं हेच म्हणायची: बघा, आता मुलींना भाव येईल, हुंडा उलटा द्यावा लागेल. बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे २००१ साली ८९४ मुली होत्या, २०११ साली ८०७ राहिल्या. राज्यातला तळ. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, म्हणजे ही घसरण झाली ती कायदा अस्तित्वात असतानाच. २०१२ साली परळीतल्या एका खासगी दवाखान्यात गर्भपात करताना एक बाई दगावली, तेव्हा कुठे राज्य खडबडून जागं झालं. पण मग उरलेल्या मुलींच्या हाती काय आलं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या विशी-पंचविशीतल्या दर पाचजणींत दोघींहून जास्त अशा निघाल्या, की ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. हंगामाला निघताना वयात येणारी मुलगी गावात कुणाजवळ ठेवायची, हा आईबापांना घोर. आणि मुलाच्या घरी अर्ध्या कोयत्याचा पुरा कोयता करण्याची घाई. अशी दोन्हीकडून निकड असली की लग्न लवकर उरकतं. तिची गरज वाढली, पण तिचा शब्द वाढला नाही. सलारियनांच्या ग्रहावर बायका कमी झाल्या आणि राज्य करू लागल्या. तिथली अंडी ज्याने मोजली त्याने उचलीचा हिशेब कधी पाहिलेला नसणार.

आता क्रोगन. दणकट, कुबडे, भांडखोर. एक मादी वर्षाला हजार अंडी घालायची. किड्यांसारख्या राक्नी जमातीशी लढायला माणूसबळ हवं म्हणून सलारियनांनीच त्यांना त्यांच्या तुचांका ग्रहावरून उचलून अंतराळात आणलं. काम झालं, आणि मग ते फार वाढले म्हणून घाबरून सलारियनांनीच जेनोफेज नावाचा रोग तयार केला. टुरियन या दुसऱ्या जमातीने तो सोडला. त्यानंतर हजारात एखादंच मूल जगतं. मॉर्डिन हा सलारियन वैज्ञानिक पुढे त्याच रोगाला नवी धार लावून येतो आणि मग आपला हिशेब कसा अचूक होता ते बराच वेळ सांगत राहतो. त्याचा हिशेब खरोखरच अचूक आहे. बरेच खेळाडू त्याच्या प्रेमात पडतात, मीही पडलो.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. पिशवी काढली, असंच म्हणतात. दात काढला म्हणावं तितक्या सहज. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मग खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. कारणं शोधायला गेलं की हातात एक माणूस सापडत नाही. पाळीच्या दिवसांत कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, दंड बसतो. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. अंगावरून जाऊ लागलं की दवाखान्यात कुणीतरी कर्करोगाची भीती घालतं. लेकरं झालेलीच असतात. घरातली सासूही म्हणते, काढून टाक, कटकट गेली. इथे मॉर्डिन नाही, प्रयोगशाळा नाही, कुणी युद्ध पुकारलेलं नाही. गेमला खलनायक लागतो आणि त्याला उत्तर म्हणून औषध लागतं. तिसऱ्या भागात ते औषध तयारही होतं, एका उंच मनोऱ्यावरून हवेत सोडायचं असतं, आणि सोडायचं की नाही हे खेळाडूच्या हातात असतं. बटण दाबलं की हजार-दीड हजार वर्षांचा अन्याय एका दुपारी फिटतो. खाड्यावर, मोळीवर, सासूच्या सल्ल्यावर असं कुठलं औषध फवारणार?

पण माझं खरं भांडण त्या बटणाच्या अटींशी आहे. क्रोगनांचा म्होरक्या रेक्स असेल, समंजस, दूरचं पाहणारा, तर गेम तुम्हाला औषध सोडायकडे नेतो. रेक्स पहिल्या भागात मेला असेल तर त्याच्या जागी येतो रीव्ह, सूडाची भाषा बोलणारा. मग गेम तुमच्या मनात शंका पेरू लागतो, की यांना पोरं होऊ देणं शहाणपणाचं आहे का? म्हणजे तुचांकावरच्या प्रत्येक बाईची कूस, तिचा पुढारी कसा निघाला यावर अवलंबून. त्या बायकांपैकी तोंड उघडून बोलते ती जवळपास एकच, आणि तिलाही गेम बराच वेळ दुसऱ्यांनी ठेवलेल्या ईव्ह या नावानेच हाक मारतो.

हे मी पुतण्याला बोलून दाखवलं. त्याने सगळे शेवट खेळून पाहिलेत.

“काका, म्होरक्या कोण हाय त्याच्यावरच हाय ना सगळं,” तो म्हणाला. “रेक्स असला तर द्यायचं, रीव्ह असला तर नाही. साधं गणित हाय.”

“आपल्या जिल्ह्याला लावून बघ हे गणित.”

त्याने डोळे मिटून आष्टीपासून परळीपर्यंतचे सगळे मतदारसंघ मनातल्या मनात फिरून घेतले असावेत. मग खो खो हसत सुटला आणि एकेक नाव घेऊन रेक्स की रीव्ह ते ठरवू लागला. ती यादी इथे छापण्यासारखी नाही. एवढंच सांगतो, की त्या हिशेबाने आम्ही दोघंही जन्माला आलो नसतो.