मृतदेहाचा मालक कोण?

बालाघाटच्या न्यायालयात वकिली करताना मृतदेहाविषयीचे प्रश्न वारंवार समोर येतात. पोलिसांनी पीएमसाठी, म्हणजे शवविच्छेदनासाठी, नेलेला देह कधी मिळेल? दवाखान्याचं बिल थकलं म्हणून देह अडवता येतो का? गावच्या मसणवट्यात कोणी शेत वाढवलं तर दाद कुठे मागायची? या सगळ्यासाठी एखादा स्वतंत्र कायदा असेल, असं लोकांना वाटतं. मध्य प्रदेशात तो नाही. उत्तरं राज्यघटना, फौजदारी संहिता, नोंदणी कायदा आणि महसूल संहिता यांत विखुरलेली आहेत. मात्र सगळ्यांच्या मुळाशी तत्त्व एकच आहे. मृतदेहावर कोणाचीही मालकी नसते आणि त्याचा मान राखणं सगळ्यांवर बंधनकारक असतं.

मालमत्ता विकता येते, गहाण ठेवता येते. देहाचं तसं नाही. नातेवाइकांना मिळतो तो ताबा, आणि तोही अंत्यसंस्कारासाठी. म्हणूनच बिलापोटी देह अडवून ठेवणं गैर आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत देह मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. थकबाकी वसूल करायची तर दवाखान्याला दिवाणी दावा लावता येतो.

या तत्त्वाला घटनेचा आधार मिळाला तो 1995 मध्ये. फाशीनंतर कैद्याचा देह ठरावीक वेळ लटकत ठेवण्याच्या नियमाला पंडित परमानंद कटारा यांनी आव्हान दिलं होतं. अनुच्छेद 21 मधला प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही लागू आहे, असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. 2002 मध्ये ‘आश्रय अधिकार अभियान’ प्रकरणात बेघर माणसाच्या सन्मानाने होणाऱ्या अंत्यसंस्काराचा प्रश्न पुढे आला. 2020 मध्ये कोविडने गेलेल्यांच्या दफनाला वांद्र्यात विरोध झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम 301 आहे. भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा त्या दुखावतील हे माहीत असून मृतदेहाची विटंबना केली, अंत्यविधीत अडथळा आणला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या जिल्ह्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पीएमबाबत. जंगल, धानाची बांधी, विहिरी आणि वैनगंगा यांचा हा मुलूख. साप चावून, वीज पडून, बुडून माणसं जातात. कोटवाराने ठाण्यात खबर दिली की पोलीस मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) कायम करतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे पंचनामा होतो आणि गरज असेल तर शवविच्छेदन. त्याला नातेवाइकांची संमती लागत नाही. ‘चिरफाड नको’ ही घरच्यांची विनवणी मला समजते. पण राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या 6-4 खाली अशा मृत्यूंसाठी 4 लाख रुपयांची मदत आहे, आणि पीएमचा अहवाल नसला की ते प्रकरण तहसीलमध्ये अडकतं. सूर्य मावळला म्हणून देह रात्रभर ठेवलाच पाहिजे, असंही आता नाही. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयात रात्री शवविच्छेदन करण्याची मुभा केंद्राने 15 नोव्हेंबर 2021 पासून दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय असेल तर मात्र सहसा सकाळपर्यंत थांबावं लागतं.

दुसरी अडचण सीमेची. 1956 पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. राज्यं वेगळी झाली, तरी लांजी-वारासिवनीचा अत्यवस्थ रुग्ण अजूनही गोंदियाला नाहीतर नागपूरला जातो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. अग्निसंस्कार वैनगंगेच्या काठी केला तरी दाखला नागपूरचाच मिळणार. लोक तेरवी आटोपून इथल्या नगरपालिकेत किंवा पंचायतीत जातात आणि हात हलवत परततात. नोंदीची खबर देण्याची मुदत 21 दिवसांची आहे. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तोपर्यंत फेरफार, विमा, पेन्शन सगळंच खोळंबतं. रुग्णालयातून निघतानाच मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मागून घ्यावं; त्यासाठी शुल्क आकारता येत नाही. रुग्णाचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहिलंय ना, तेही तिथेच तपासावं.

तिसरा प्रश्न जागेचा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 237 खाली कलेक्टर निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या सामायिक वापरासाठी, शासकीय जमीन राखून ठेवतात. त्यात चराई आहे, खळं आहे, तशीच स्मशानभूमी आणि दफनभूमीही आहे. बैगा आणि गोंड कुटुंबांत दफनाची रीत आहे. म्हणून गावात दहनाचा ओटा बांधला की पंचायतीचं काम संपलं, असं होत नाही. जागेची हेळसांड झाली की काय होतं, ते शेजारच्या छत्तीसगडमधल्या बस्तरने दाखवलं. गावात दफनाला जागा न मिळाल्याने एका ख्रिस्ती पाद्रींचा देह 7 जानेवारी 2025 पासून शवागारात पडून राहिला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं. अखेर दफन गावाबाहेर, वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करायचं ठरलं. गावाच्या कागदावर प्रत्येक समाजाची जागा आधीच स्पष्ट असती, तर त्या मुलाला बापाच्या मातीसाठी दिल्ली गाठावी लागली नसती.

मृतांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा करावा, असा सल्ला मानवाधिकार आयोगाने मे 2021 मध्ये दिला. राजस्थानने 2023 मध्ये तसा कायदा केला. मध्य प्रदेशानेही करावा, आणि त्यात देह सोपवण्याची वेळ, बेवारस देहाची जबाबदारी आणि गावोगावच्या दफन-दहनभूमीचं सीमांकन हे तिन्ही विषय घ्यावेत. तोवर आपल्या हातात एक काम आहे. येत्या ग्रामसभेत पटवाऱ्याकडून निस्तार पत्रक मागवा, मसणवट्याचा खसरा नंबर आणि रकबा मोठ्याने वाचून घ्या. नोंद नसेल तर त्याच सभेत ठराव करून कलेक्टरकडे पाठवा.