देवनारमधली डोळ्यांची परीक्षा

मुलांनो, कुर्ल्याहून हार्बरची गाडी धरली, की टिळकनगर, चेंबूर आणि मग गोवंडी. गोवंडीला उतरलं, की देवनार जवळच. देवनार म्हटलं, की लोकांना कचऱ्याचे डोंगर आठवतात. 1927 पासून शहराचा कचरा इथं येऊन पडत गेला. 2016 च्या जानेवारीत त्याला मोठी आग लागली, तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पण याच देवनारमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं झाडांनी भरलेलं आवारही आहे, आणि दाटीवाटीच्या गल्ल्यांतून दप्तरं घेऊन पळणारी खूप मुलंही आहेत.

अशाच एका गल्लीतल्या समाजमंदिरात नेत्रतपासणी शिबिर होतं. माझ्या चौथीच्या वर्गाला घेऊन मी तिथं गेले.

मला वाटलं, आत गेलं की लगेच अक्षरं वाचायला लावतील. पण पहिल्या टेबलावर नुसते प्रश्न! कधीपासून कमी दिसतं? एका डोळ्यानं की दोन्ही? लांबचं की जवळचं? डोकं दुखतं का? डोळ्यांना खाज येते, पाणी येतं? कधी मार लागला होता? संध्याकाळी अंधार पडू लागला, की धडपडायला होतं का? घरात कुणाला चष्मा आहे? मोठ्यांना तर मधुमेहाबद्दलही विचारत होते. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाई, अर्धा आजार उत्तरांतूनच कळतो."

दुसऱ्या टेबलासमोर जमिनीवर खडूची रेघ होती. रेघेपासून भिंतीवरचा तक्ता बरोबर 6 मीटरवर. हा तक्ता नेदरलँड्समधल्या हर्मन स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी 1862 मध्ये तयार केला. वरचं अक्षर भलंमोठं, खाली खाली लहान होत जाणारी. निरोगी डोळ्याला 6 मीटरवरून जी ओळ वाचता येते, तिची अक्षरं जेमतेम 9 मिलिमीटर उंच असतात. ती वाचली, की 6/6. आणि 6/12 म्हणजे काय? निरोगी डोळा जे 12 मीटरवरून वाचतो, ते वाचायला तुम्हाला 6 मीटरवर यावं लागतं. आधी उजवा डोळा, मग डावा. दुसरा डोळा तळहातानं नुसता झाकायचा, दाबायचा नाही. बोटांच्या फटीतून बघणारे पुष्कळ निघाले!

माझ्या वर्गातली एक मुलगी मात्र झरझर सगळ्या ओळी म्हणून गेली. ताई हसल्या. त्यांनी तक्ता बदलला. आता अक्षरं नव्हती, तीन दातांचा कंगवा असावा तसा 'ई' होता. कुठं दात वर, कुठं खाली, कुठं बाजूला. दात जिकडे तिकडे हात करायचा. तिसऱ्या ओळीनंतर तिचा हात हवेतच थांबला. रांगेत उभं राहून तिनं पुढच्यांचं ऐकून अक्षरं पाठ केली होती!

"असं का गं केलंस?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "चष्मा लागला तर आईला पैसे पडतील."

मला कसंसंच झालं. वर्षभर ती फळ्यावरची गणितं चुकीची उतरवायची आणि मी तिला 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून रागवायचे. लक्ष होतं तिचं. दिसतच नव्हतं!

ताईंनी तिच्या डोळ्यापुढे बारीक भोक असलेली काळी पट्टी धरली. त्या भोकातून तिला आणखी तीन ओळी दिसल्या. अशी सुधारणा झाली, तर बहुतेक वेळा दोष चष्म्यानं भरून निघतो. शिबिरात चष्मा मोफत मिळणार होता. तो पंधरा दिवसांनी आला. चष्मा लावून ती वर्गाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, समोरच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसतात!"

मुलांनो, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवावं लागत असेल, डोळे बारीक करून बघावं लागत असेल, तर लपवू नका. घरी सांगा, बाईंना सांगा. आणि पालकहो, मूल तक्रार करत नाही म्हणून गप्प बसू नका. त्याला पहिल्यापासूनच धूसर दिसत असेल, तर सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. विशेषतः एकच डोळा अधू असेल, तर ते लवकर कळतच नाही. आणि उपचार लहानपणी झाले तर चांगले लागू पडतात.

आता मीही कुणाला रागवण्याआधी त्याला पुढच्या बाकावर बसवून बघते.