पाहुण्यांस पुणें दाखवितांना

पेशवाईंत श्रावणमास आला कीं, दक्षिणेसाठीं दूरदूरचे विद्वान् पुण्यास जमत आणि पर्वतीजवळच्या रमण्यांत त्यांस संभावना मिळे. आतां पुण्यास पाहुणे येतात ते पुष्कळदां परिषदेसाठीं. पिंपरी, भोसरी, चाकण या बाजूंस कारखाने वाढल्यापासून कधीं मोटारींचे सुटे भाग करणारांची, कधीं औषधें करणारांची, तर कधीं लोखंड ओतणारांची परिषद येथें भरते. दोन दिवस भाषणें व्हावयाचीं, एका रात्रीं मेजवानी व करमणूक व्हावयाची, आणि मधल्या वेळांत पाहुण्यांस नि त्यांच्या कुटुंबांतील मंडळींस बसगाड्यांत घालून शहर दाखवावयाचें, असा या परिषदांचा ठरीव क्रम असतो.

२०२४ सालच्या हिंवाळ्यांत अशीच एक ओतकामवाल्यांची परिषद येथें भरली. राजकोट, कोइमतूर, हावडा, कोल्हापूर अशा ओतकामासाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवांहून मंडळी आली होती. माझा पुतण्या स्वागतमंडळांत होता. तो म्हणाला, “काका, पाहुण्यांना पुणं तुम्हीच दाखवा. भाड्यानं आणलेला वाटाड्या सगळ्या तारखा चुकवतो.” चौतीस वर्षें संस्कृत नि इतिहास शिकविलेल्या मास्तरास याहून गोड आमंत्रण तें कोणतें! मीं तत्काळ होकार दिला आणि रात्रीं बसून अकरा स्थळांची यादी केली. शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, पाताळेश्वर, भांडारकर संस्था, पर्वती, शिंद्यांची छत्री, आगाखान महाल. कांहींहि सुटूं नये अशी माझी इच्छा. वेळ मात्र चार तासांचा.

पहिल्या दिवशीं काय झालें तें सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगितलें पाहिजे. शनिवारवाड्यापुढें उभें राहून मीं सांगितलें कीं, याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला, वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली, दोन्ही दिवस शनिवारचे. आणि १८२८ सालच्या आगींत आंतील सर्व इमारती भस्म झाल्या. राजकोटच्या एका गृहस्थांनीं नम्रपणें विचारलें, “मग आंत पाहण्यासारखें काय उरलें आहे?” जोतीं नि कारंज्याचे हौद दाखवीपर्यंत बसवाल्यानें कर्णा वाजविला. पाताळेश्वरीं आम्ही सात मिनिटें होतों. आठव्या शतकाच्या सुमारास एकाच खडकांतून कोरलेलें तें लेणें आणि पुढील तो वाटोळा नंदिमंडप. पण पाहुण्यांनीं छायाचित्रें घेतलीं आणि ते गाडींत बसले. पुढें वाहनांच्या गर्दींत इतका वेळ गेला कीं, आगाखान महालाशीं पोहोंचलों तेव्हां दरवाजा बंद होत होता. कस्तुरबा गांधी तेथें स्थानबद्ध असतां २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं वारल्या. त्यांच्या समाधीचें दर्शन घ्यावें एवढ्यासाठींच राजकोटच्या एक वृद्ध बाई गाडींत बसल्या होत्या. त्या दारावरूनच परत फिरल्या. मला कांहींच बोलल्या नाहींत. पण मला त्या रात्रींच्या मेजवानींत घांस गोड लागला नाहीं. व्यासपीठावर गणेशवंदना झाली, लावणी झाली. ताटवाट्यांच्या आवाजांत तें कोणास ऐकूं गेलें असेल, देव जाणे.

घरीं येऊन मीं यादी फाडली. पुतण्यास सांगितलें, “अरे, उद्यां पायीं जाऊं. केळकरांचें संग्रहालय, तुळशीबाग, दगडूशेठचा गणपति आणि शेवटीं पुन्हां शनिवारवाडा. आगाखान महालासाठीं त्या बाईंची निराळी सोय कर, सकाळींच पाठव.”

दुसऱ्या दिवशीं वीस-बावीस मंडळी निघाली. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचे व्यापारी आणि ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांचा पुत्र राजा बालपणींच निवर्तला. त्याचें नांव देऊन त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेला वस्तुसंग्रह १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन केला. त्यांत राजेरजवाड्यांच्या हिऱ्यामोत्यांपेक्षां दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाद्यें अशा घरगुती वस्तूंचेंच आकर्षण अधिक. एका पितळी दिव्यापुढें कोइमतूरचे एक वयस्क कारखानदार गुडघ्यांवर बसले आणि हलेनात. त्यांनीं आम्हांस समजाविलें कीं, आधीं मेणाचा आकार करावयाचा, त्यावर मातीचे थर द्यावयाचे, ऊब दिली कीं मेण वितळून निघून जातें, आणि राहिलेल्या पोकळींत वितळलेली धातु ओतावयाची. माती फोडल्यावांचून आंतली वस्तु निघत नाहीं, म्हणून एका सांच्यांतून एकच वस्तु होते. मला एकदम आठवलें! याला संस्कृतांत मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत या कृतीचें वर्णन आहे. मीं तो शब्द सांगतांच त्यांनीं आपल्या चोपडींत तो उतरवून घेतला. मला शब्द ठाऊक होता, कृति ठाऊक नव्हती. त्यांस जन्मभर कृति ठाऊक होती, शब्द ठाऊक नव्हता. त्या एका खोलींत आमचा तास गेला आणि कोणीं घड्याळाकडे पाहिलें नाहीं.

तेथून तुळशीबागेंतून आम्ही दगडूशेठच्या गणपतीपुढें आलों. सर्वांनीं हात जोडले. तों कोल्हापूरकडच्या एक कारखानदारीण बाई, ज्या सकाळपासून फारशा बोलल्या नव्हत्या, मजजवळ येऊन म्हणाल्या, “गुरुजी, सावित्रीबाईंची शाळा कुठं होती हो?”

मीं नुसतें मागें वळून बोट दाखविलें. रस्त्याच्या पलीकडे, आम्ही सर्वजण जिकडे पाठ करून उभे होतों तेथेंच ती होती. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. तिकडे जातां-येतां सावित्रीबाईंच्या अंगावर शेण नि दगड पडत. पुढें वाडा मोडकळीस आला, वर्षानुवर्षें कज्जा चालला, आणि तेथें राष्ट्रीय स्मारक व्हावें म्हणून २०२३ च्या डिसेंबरांत महापालिकेनें तो पाडला. आम्ही गेलों तेव्हां तेथें पाहण्यास भिंत म्हणून उरली नव्हती.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी आजी अंगठा उठवायची, गुरुजी. आई चौथी शिकली. मी कारखान्याच्या चेकांवर सह्या करते.” आणि थोड्या वेळानें, अगदीं सहज, “तुमच्या यादीत नव्हती ही जागा?”

नव्हती. अकराच्या यादींत नव्हती, चारांच्याहि नव्हती. जेथें माझी नोकरी झाली ती शाळा या जागेपासून पायीं दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. माझ्या वर्गांत दरवर्षीं निम्म्या मुली असत. त्यांस मीं रघुवंश शिकविला, शनिवारवाडा दाखविला. पण वाडा उभा होता तोंवर एकाहि मुलीस त्याच्या दारांत नेऊन ‘तुमचें शिक्षण येथून सुरू झालें’ असें सांगितलें नाहीं. कोणीं मना केलें नव्हतें. सुचलें नाहीं, एवढेंच. आणि ज्यास सुचलें नाहीं तो मास्तर होता, हें अधिक वाईट.

शनिवारवाडा राहिला. ज्यांची इच्छा होती अशी चौदा मंडळी रिक्षांनीं गंज पेठेंतील फुल्यांच्या घरीं गेली. अंगणांतील हौद पाहिला, जो जोतीरावांनीं १८६८ सालीं अस्पृश्यांस खुला केला. त्यांची समाधि पाहिली. मीं तारखा फारशा सांगितल्या नाहींत. बाईच बोलत होत्या, मी ऐकत होतों.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं परगांवचे पाहुणे येत असतील. मुलांच्या कचेऱ्यांतील मंडळीहि येत असेल. त्यांस आपलें गांव दाखवितांना आपण बहुधा आपला अभिमान दाखवितों, आणि जें आपल्या अभिमानांत बसत नाहीं त्याकडे नकळत पाठ राहते. पाहुण्यास आधीं ‘आपणांस काय पाहावयाचें आहे?’ असें विचारण्यास कांहींच खर्च पडत नाहीं. राजकोटच्या त्या बाईंस मीं तें विचारलें असतें, तर त्यांस पहिल्या दिवशीं दारावरून परतावें लागतें ना.

पुढल्या खेपेस पुतण्यानें पुन्हां यादी मागितली, ती मीं दिली आहे. तींत चारच स्थळें आहेत. भिड्यांच्या वाड्याची जागा पहिली. खालीं एक ओळ कोरी ठेविली आहे, ती पाहुण्यानें भरावयाची.