हिमप्रदेशातला पाहुणा

यासुनारी कावाबाता यांची 'युकिगुनी' म्हणजे 'हिमप्रदेश' ही कादंबरी मी गेली बारा वर्षे एम. ए.च्या वर्गाला शिकवते आहे. मला जपानी येत नाही. सारी भिस्त एडवर्ड सायडनस्टिकर यांच्या १९५६ च्या इंग्रजी अनुवादावर. कादंबरीचा नायक शिमामुरा हा पाश्चात्त्य बॅलेवर लेख लिहितो, पण बॅले त्याने कधी पाहिलेला नसतो. या विसंगतीवर मी वर्गात मोठ्या उत्साहाने बोलत असे. एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलीने शांतपणे विचारले, "मॅडम, तुम्ही बर्फ पाहिलाय?" वर्ग हसला, मीही हसले. प्रश्न मात्र घरापर्यंत बरोबर आला.

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तोक्योला असतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्याकडे गेले, तेव्हा म्हणाला, "ताई, तुझं ते कादंबरीतलं गाव इथून सव्वा तासावर आहे. चल." गावाचे नाव कादंबरीत येत नाही, पण कावाबाता ज्या गावी राहून लिहीत होते ते निइगाता प्रांतातले युझावा. आज ते स्कीइंगसाठी प्रसिद्ध आहे. गाला युझावा हे शिनकान्सेनचे स्थानक तर केवळ हिवाळ्यापुरते उघडते. गाडीतून उतरावे आणि त्याच इमारतीतून गोंडोलाने डोंगरावर जावे.

कादंबरीतला बोगदा १९३१ चा; शिनकान्सेन जाते तो १९८२ चा, बावीस किलोमीटरांचा. अलीकडे कोरडे, लख्ख ऊन आणि पलीकडे पुरुषभर बर्फ. सैबेरियातून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि डोंगराला अडून ते बर्फाच्या रूपाने टाकतात. पलीकडे तोक्यो कोरडे राहते. मला एकदम सह्याद्री आठवला. माझे माहेर आंबोली घाटाच्या पायथ्याशी. आमचा पाऊस आणि घाटामागचा पर्जन्यछायेचा मुलूख, तोच हा न्याय. फक्त ऋतू उलटा.

निघण्यापूर्वी भावाने सूचनांची यादीच हातात ठेवली होती. मी तिला नाके मुरडली, पण जाणाऱ्याने ती जरूर ऐकावी. आतून सुती कपडे नकोत. घामाने ओले झाले की अंग गारठते. जड सामान कुरिअरने आदल्या दिवशी पुढे धाडावे, गाडीत गर्दी करू नये. जोडे जलरोधक हवेत, कारण युझावाच्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी जमिनीतल्या पाण्याचे फवारे सोडतात. त्या पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेले असतात आणि साधे बूट दहा पावलांत भिजतात. माझे भिजलेच.

स्की, बूट, हेल्मेट सारे भाड्याने मिळते. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाचा वर्ग लावावा, थेट उंच उतारावर जाऊ नये. उतारावर पहिला हक्क खालच्याचा. मागून येणाऱ्याने त्याला सांभाळायचे. पडलात तर आधी कडेला सरकावे, मग फोटो. आणि दोरी लावलेली असेल तर तिच्या पलीकडे जायचे नाही. तिथे बर्फाखाली ओढे असतात, हिमकडे कोसळतात. आणि तुम्हांला शोधायला गावातलीच माणसे जीव धोक्यात घालून निघतात. मी सकाळभरात अकरा वेळा पडले. प्रत्येक वेळी कुणीतरी वेग कमी करून, मी उठते आहे ना एवढे पाहून, पुढे जाई.

खरी परीक्षा मुक्कामाच्या घरी होती. दारातच जोडे काढून सपाता घालायच्या. तातामीवर त्याही काढायच्या. शौचालयात पुन्हा वेगळ्या. मी त्या शौचालयातल्या सपाता घालून थेट जेवणघरापर्यंत गेले. वाढणाऱ्या बाईंनी काही म्हटले नाही. गुडघ्यावर बसून दुसरा जोड माझ्या पायांशी ठेवला आणि पहिला उचलून नेला. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या मला एवढे कळू नये! युकाताची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलट नेसवतात ते मृताला. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, काडीवरून काडीवर घास द्यायचा नाही, दोन्ही अंत्यविधीतले. शाकाहारी असाल तर आधीच कळवावे. साध्या दिसणाऱ्या सारातही माशाचा अर्क असतो. जेवणाची वेळ ठरलेली असते, ती चुकवू नये. बक्षिसी ठेवू नये.

आणि उष्ण झऱ्याचे स्नान. चारचौघींत विवस्त्र होणे मला जमेना. नदीवर लुगड्यानिशी बुडी मारणाऱ्या आज्यांची मी नात. भावजय म्हणाली, "ताई, कुणी बघत नाही." तेही खरेच होते. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात. कुंडाचे पाणी धुण्यासाठी नाही, सर्वांचे आहे. मी छोटा पंचा गुंडाळूनच पाण्यात उतरू लागले, तेव्हा एक सत्तरीच्या आजी माझ्याकडे पाहून हसल्या आणि स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवले. तिथे त्यांच्या पंच्याची घडी होती. मीही घडी घातली, डोक्यावर ठेवली. मग आम्ही दोघी गळ्यापर्यंत पाण्यात, समोर बर्फ पडताना पाहत बसलो. बारा वर्षे मी ज्याला 'कावाबातांचे शुभ्र मौन' म्हणत होते, ते डोळ्यांपुढे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे खरखर ऐकून जाग आली. पडदा सारला तर समोरच्या छपरावर कालच्याच आजी, कमरेला दोर बांधून, फावड्याने बर्फ खाली ढकलत होत्या. दर हिवाळ्यात हे काम करताना छपरावरून पडून जपानमध्ये माणसे दगावतात. त्यांत म्हातारीच अधिक. छप्पर मोडू नये म्हणून ते करावेच लागते.

युझावाजवळच्या शिओझावा गावचे व्यापारी सुझुकी बोकुशी यांनी १८३७ मध्ये 'होकुएत्सु सेप्पु' हे हिमप्रदेशातल्या जगण्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. बर्फावर पसरून शुभ्र केलेल्या तागाच्या कापडाचे वर्णन कावाबातांनी त्याच्याच आधारे केले आहे. बोकुशींची व्यथा अशी, की जिथे थोडा बर्फ पडतो तिथले लोक त्याची मौज करतात. इथे तो उपसण्यात जन्म जातो. हा मजकूर मला ठाऊक होता. मी तो वर्गात 'पार्श्वभूमी' म्हणून दोन मिनिटांत उरकत असे.

आंबोलीला पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्याखाली नाचणारी, रस्त्यावर बाटल्या टाकून जाणारी गर्दी पाहून मी आयुष्यभर चिडत आले. आमच्या घराचे छप्पर गळत असे आणि त्यांना धुके हवे असे. त्या खिडकीत मला कळले, की इथे मी त्या गर्दीतली आहे. शिमामुराही असाच: येतो, मोहरतो, निघून जातो, कोमाको मागे राहते. नियम पाळल्याने माझे पाहुणेपण पुसले जात नाही. मात्र ज्यांच्या श्रमांवर माझी मौज उभी आहे, त्यांच्या कामात भर पडत नाही. भावाच्या यादीचा अर्थ एवढाच होता.

निघताना त्या आजी रस्त्यावर दिसल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ओळखले नसावे. तरी वाकल्या, आणि फावडे घेऊन पुन्हा कामाला लागल्या.

यंदा कादंबरी शिकवताना बोकुशींना मी पूर्ण एक तास दिला. शेवटच्या बाकावरची ती मुलगी आता उत्तीर्ण होऊन गेली आहे. तिला पत्र लिहायचे राहिले आहे.