ढगांच्या समुद्रातली मुशाफिरी

दोस्तांनो, तुम्ही आजवर खूप गावं पाहिली असतील. डोंगरावरची, नदीकाठची, समुद्राकाठची. पण एखाद्या प्राण्याच्या पाठीवर वसलेलं गाव पाहिलंय कधी? प्राणी साधासुधा नाही हं! त्याच्या अंगावर कुरणं आहेत, धबधबे आहेत, बाजारपेठा आहेत. आणि तो चक्क जिवंत आहे. आज आपण अशाच एका मुलखात फिरायला जाणार आहोत. त्यासाठी तिकीट काढायला नको, की सामान बांधायला नको. कारण हा मुलूख आहे एका व्हिडिओ गेममध्ये.

मुलखाचं नाव आल्रेस्ट आणि गेमचं नाव ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स २’. जपानमधल्या ‘मोनोलिथ सॉफ्ट’ या कंपनीने तो तयार केला आणि १ डिसेंबर २०१७ या दिवशी तो निन्तेन्दोच्या ‘स्विच’ या यंत्रावर खेळायला मिळाला. १९९९ साली सुरू झालेल्या या कंपनीला अशा अजब भूमीचं भारी वेड. २०१० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या ‘झेनोब्लेड’मध्ये तर सगळं जगच दोन महाकाय देहांवर वसलेलं होतं!

आल्रेस्टमध्ये आपल्यासारखी जमीन नाही. जिकडे पाहावं तिकडे ढगच ढग. पांढरा शुभ्र, अथांग ढगांचा समुद्र. मधोमध आभाळात घुसलेला एक प्रचंड वृक्ष. त्याला म्हणतात विश्ववृक्ष. आणि या समुद्रात तरंगत असतात ते अवाढव्य प्राणी, टायटन. माणसं राहतात ती या टायटनांच्या पाठीवर, नाहीतर पोटात. एक टायटन म्हणजे एक देश, असा सगळा हिशोब. गंमत म्हणजे या ढगांच्या समुद्रालाही भरती-ओहोटी असते. ओहोटी लागली की खालच्या वाटा उघड्या पडतात. भरती आली की त्याच वाटा ढगांखाली गडप! मग खेळणारा काय करतो? गावातल्या खानावळवजा धर्मशाळेत मुक्काम ठोकतो आणि उठल्यावर पाहतो, ढग उतरले का.

आपला वाटाड्या आहे रेक्स. वय वर्षं पंधरा, म्हणजे तुमच्या ताईदादाएवढाच. ढगांखाली बुडी मारायची आणि जुन्यापुराण्या वस्तू वर काढून विकायच्या, हा त्याचा धंदा. त्याचं घर एका छोट्या टायटनच्या पाठीवर आहे. या टायटनला तो लाडाने ‘आजोबा’ म्हणतो, आणि आजोबाही खऱ्या आजोबांसारखे त्याला उपदेशाचे डोस पाजत असतात. रेक्स कमाईतला वाटा आपल्या गावी, फॉन्सेटला, न चुकता पाठवतो. मुंबईच्या चाकरमान्याने कोकणात मनीऑर्डर करावी, अगदी तस्संच!

हिरवी पाठ, निळं पोट

पहिला मोठा मुक्काम गॉर्मॉट. हा टायटन चार पायांचा. त्याच्या अंगावर हिरवीगार कुरणं पसरलेली. वारा सुटला की गवत लाटांसारखं हलतं, आणि चालता चालता मान वर केली तर समोर डोंगरासारखं जे दिसतं, तो त्याच्या शरीराचाच एखादा भाग असतो. इथे मोकळेपणाने कुठेही भटकता येतं. पण जरा जपून बरं का! या कुरणावर एक भलामोठा गोरिलासारखा प्राणी फेऱ्या मारत असतो. त्याची पातळी आहे ८१. आणि तुम्ही तिथे पोचता तेव्हा तुमची पातळी असते जेमतेम दहाच्या आसपास! आल्रेस्टमध्ये नवखा आलेला जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी त्याचा प्रसाद खातोच.

दुसरा मुक्काम उराया. इथे आपण पाठीवर नाही, चक्क पोटात शिरतो. बाहेर ऊन असो वा नसो, आत मंद निळसर उजेड. पाण्याचे झुळझुळ प्रवाह, चमकणारी झाडं. खोल पाण्यात उभं राहून वर बघावं, तसं वाटतं.

त्यानंतर येतो मॉर आर्डेन. हा देश पोलादाचा, वाफेचा, कारखान्यांचा. हवा कोरडी आणि गरम. कारण? हा टायटन म्हातारा झालाय. तो मरायला टेकलाय. टायटन मेला की तो ढगांच्या समुद्रात बुडतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्यावरचा देशही. म्हणून मॉर आर्डेनने शेजारचं गॉर्मॉट आपल्या ताब्यात घेतलंय. हिरव्यागार गॉर्मॉटच्या टोरिगॉथ गावात परक्या सैनिकांचा पहारा दिसतो, तो त्यासाठीच. उराया आणि मॉर आर्डेन यांच्यातही कधी लढाई पेटेल सांगता येत नाही. जमीन थोडी आणि माणसं फार, म्हणजे भांडण आलंच. खेळातलं जग असलं, तरी दुखणं अगदी खरं आहे, नाही का?

गारफाँटची तुकडी

आता ज्या गावासाठी ही सफर काढली, तिकडे वळू या. उरायाच्या पोटात गारफाँट नावाचं एक छोटंसं खेडं आहे. हे गाव भाडोत्री सैनिकांचं, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांची कामं करून देणाऱ्या लढवय्यांचं. त्यांचा म्होरक्या व्हँडॅम. अंगाने धिप्पाड, आवाजाने दणदणीत, मनाने मोठा. तो रेक्सला लढायचं कसं ते शिकवतो आणि कशासाठी लढायचं याचा विचारही करायला लावतो.

पण पुढे एका लढाईत मुलांना वाचवताना व्हँडॅम मरण पावतो. मग त्याच्या माणसांची जबाबदारी येते पंधरा वर्षांच्या रेक्सवर, म्हणजे खेळणाऱ्यावर. इथून पुढे आपण नुसते भटके राहत नाही. आपण होतो तुकडीचे नाईक.

ही तुकडी कोणाची? ब्लेडांची. ब्लेड म्हणजे एका खास स्फटिकातून जागा झालेला सोबती. ज्याच्या स्पर्शाने तो जागा होतो, तो त्याचा ‘ड्रायव्हर’. ब्लेड आपल्याबरोबर एक शस्त्र घेऊन येतो आणि आपलं बळ ड्रायव्हरला देतो. कुणी आगीचा, कुणी बर्फाचा, कुणी वाऱ्याचा. कुणाला वनस्पतींची पारख, कुणाला खनिजांची, तर कुणी कुलूप उघडण्यात पटाईत. असे ब्लेड हळूहळू डझनावारी जमतात. पण सगळ्यांना एकाच वेळी बरोबर घेऊन फिरता येत नाही. मग उरलेल्यांनी काय करायचं? नुसतं बसून राहायचं?

छे! त्यांना मोहिमेवर पाठवायचं. गारफाँटच्या तुकडीकडे गावोगावहून कामं येतात. कुठे माल पोचवायचा, कुठे वस्तू शोधून आणायची, कुठे त्रास देणाऱ्या श्वापदांचा बंदोबस्त करायचा. प्रत्येक कामाच्या अटी वेगळ्या. एखाद्या कामाला अमुक शस्त्र वापरणारा हवा, एखाद्याला तमुक विद्या येणारा. खेळणारा यादी वाचतो, कोण कुठे शोभेल याचा विचार करतो, एकाला पुढारी नेमतो, त्याच्या हाताखाली बाकीचे देतो. माणसं नेमकी निवडली तर काम लवकरही उरकतं. तुकडी निघते आणि घड्याळ सुरू होतं. काही कामं थोड्या मिनिटांत होतात, काहींना तासाच्याही वर लागतो.

मधल्या वेळात आपण मोकळे. आई कुकर लावते आणि शिट्ट्या होईपर्यंत भाजी चिरते ना, तसंच. आपण इकडे कुरणातून हिंडत असतो, कुणा म्हातारबाबांची हरवलेली वस्तू शोधत असतो, आणि अचानक पडद्यावर सूचना झळकते, मोहीम फत्ते! तुकडी परत येते ती पैसे, वस्तू आणि अनुभव घेऊन. आपल्यावरचा त्यांचा विश्वासही वाढलेला असतो. तुकडीचं नाव झालं की मोठी कामं मिळू लागतात आणि एकाहून जास्त तुकड्या पाठवता येतात.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. सीतामाईच्या शोधासाठी सुग्रीवाने चार दिशांना वानरांच्या तुकड्या पाठवल्याच होत्या की! त्यांनाही मुदत होती एक महिन्याची. आणि दक्षिणेच्या तुकडीत हनुमान होता म्हणून तर लंकेचा पत्ता लागला. कोणाला कुठे पाठवायचं, यातच सगळी मेख आहे.

सोबती जवळ नसतो तेव्हा

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं असेल तर सगळ्यांनाच पाठवून द्यावं! थांबा. इथेच खरी कसोटी आहे. जो सोबती मोहिमेवर गेला, तो परत येईपर्यंत तुमच्या मदतीला येत नाही. समजा, फिरता फिरता एका कोपऱ्यात पेटी सापडली. पेटीला कुलूप. आणि कुलूप उघडणारा पठ्ठ्या गेलाय दूरच्या कामगिरीवर! मग बसा कपाळाला हात लावून. तेव्हा कळतं, की त्याला पाठवताना आपण पैसे मोजले नव्हते. आपण त्याची सोबत मोजली होती.

उलट, काही सोबत्यांना पाठवावंच लागतं. उर्सुला नावाची एक चिमुकली ब्लेड आहे. तिच्याबरोबर असतं तिचं अस्वल, बिअरी. बर्फाची ताकद असलेली ही पोर लाडाने जवळ ठेवली तर फारशी पुढे जात नाही. तिला पुन्हा पुन्हा मोहिमांवर धाडावं लागतं, तेव्हा कुठे तिचे गुण एकेक करून उमलतात. त्याला इतका वेळ लागतो, की खेळणारे अगदी मेटाकुटीला येतात. आईबाबा, तुम्हीही ऐकताय ना? शाळेच्या सहलीला किंवा शिबिराला पोराला एकटं पाठवताना तुमचा जीव खालीवर होतो. पण काही गोष्टी घराबाहेर पडल्याशिवाय येतच नाहीत!

चौकस वाचकांना प्रश्न पडला असेल, ही तुकडी खरंच कुठे जाते? गुपित सांगू? ती कुठेच जात नाही. आपण जिथे नाही तिथली झाडं, रस्ते, लढाया दाखवत बसणं यंत्राला परवडणारं नाही. ते फक्त एक घड्याळ लावतं आणि कोण गेलं याची नोंद ठेवतं. वेळ पुरा झाला, की बक्षिसाचा हिशोब मांडून देतं. म्हणजे मोहिमेची गोष्ट अर्धी यंत्राच्या वहीत असते आणि अर्धी आपल्या डोक्यात. उर्सुला वाटेत कुठे थांबली असेल, बिअरी दमलं असेल का, हे चित्र आपणच रंगवायचं.

म्हणूनच एक सावधगिरीही हवी. यंत्र बंद केलं, की हे घड्याळही थांबतं. मग ‘एवढी एक मोहीम संपू दे, मग बंद करतो’ असं म्हणता म्हणता रात्र होते. मुख्य कथाच पुरी व्हायला पन्नास-साठ तास लागतात, तेव्हा घाई कशाला? थांबलेलं घड्याळ उद्या तिथूनच पुढे सुरू होतं. आणखी एक. युरोपात हा खेळ १२ वर्षांपुढच्या मुलांसाठी मानला जातो, अमेरिकेत १३ वर्षांपुढच्या. त्यात लढाया आहेत आणि काही पात्रांचे पोशाखही तोकडे आहेत. तेव्हा धाकट्यांनी मोठ्यांना विचारूनच हात लावावा.

जाता जाता व्हँडॅमच्या सोबत्याविषयी सांगायला हवं. त्याचं नाव रॉक. पक्ष्यासारखा दिसणारा हा ब्लेड व्हँडॅमच्या खांद्याला खांदा लावून लढायचा. पण ब्लेडांचा एक नियम फार कठोर आहे. ड्रायव्हर मेला की ब्लेड पुन्हा स्फटिक होतो. नवा ड्रायव्हर त्याला जागं करू शकतो, पण जुनं काहीच त्याला आठवत नाही. व्हँडॅम गेल्यावर रेक्स रॉकला जागं करतो. तोच रॉक, तेच पंख, तोच आवाज. पण व्हँडॅम कोण, हे त्याला ठाऊक नाही! ते ठाऊक असतं फक्त रेक्सला, गारफाँटच्या लोकांना आणि आपल्याला. पुढे प्रत्येक वेळी तुकडी रवाना करताना हे आठवतं. आपण चालवतोय ते काम आधी कुणीतरी उभं केलेलं आहे, आणि त्याची आठवण ठेवणं हीसुद्धा नायकाची एक कामगिरीच आहे.

आल्रेस्टमध्ये अजून खूप काही बाकी आहे. बेटांच्या माळेसारखं लेफ्थेरिया, जुन्या युद्धाने ओसाड पडलेलं टेम्परान्शिया, थंडीने गारठलेलं टान्टाल. आणि मधोमध तो विश्ववृक्ष. त्याच्या टोकावर म्हणे अशी भूमी आहे, की जिथे सगळ्यांना पुरेल एवढी जागा आहे. मरणाऱ्या टायटनांच्या जगात रेक्स निघालाय तो तिच्याच शोधात. ती त्याला सापडते का? अंहं, ते मी सांगणार नाही. तोवर तुम्ही एक करा. कागद घ्या, एक भलामोठा प्राणी काढा आणि त्याच्या पाठीवर तुमचं गाव वसवा. शाळा कुठे, विहीर कुठे, आणि तुमच्या तुकडीत कोण कोण, तेही लिहा हं!