माडीतल्या तिसऱ्या

१८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यांत आमचे बाबाही होते. शिमग्याला ते गावी आले, ते परत गेलेच नाहीत. आधी मनीऑर्डर थांबली, मग वाण्याची उधारी.

आमचं घर कर्लीच्या खाडीकाठी. मोठी सुकती असली की आई नि आजी रोवळी घेऊन खाडीत उतरायच्या. पाण्यात बसून हातापायांनी वाळू चाचपायची, टणक लागलं की उचलायचं. त्या वर्षी घरात मासळी म्हणजे तिसऱ्याच. बाबा मात्र त्यांना हात लावायचे नाहीत. इतकी वर्षं साच्यावर उभं राहून घर चालवलेला माणूस. बायकांनी चिखलातून वेचून आणलेलं त्यांच्या घशाखाली उतरत नसे. तिन्हीसांजेला पडवीत माडी घेऊन बसायचे आणि नुसता आमटीभात जेवून उठायचे.

एकदा दुपारपासून आजीने तिसऱ्या खाडीच्याच पाण्यात ठेवल्या होत्या. त्यांनी रेती ओकून टाकली. रात्री आडाळ्यावर एकेक फोडून, मांस एका शिंपीत ठेवून दुसरी टाकून दिली. आतलं खारं पाणी टोपात धरलं. म्हणजे मीठ वेगळं नको. कांदा परतला, मालवणी मसाला घातला, आणि तिच्या लक्षात आलं की सोलां संपलीत.

ती तशीच पडवीत गेली. बाबांच्या पुढचा माडीचा तांब्या उचलला.

"सोलां सरली. ही आंबाटली हा, माका व्हयी."

बाबा काही बोलले नाहीत. सकाळची गोड माडी रात्रीपर्यंत चांगलीच आंबट झालेली. आजीने ती टोपात ओतली, उकळी येऊन वास उडाल्यावर तिसऱ्या सोडल्या आणि लाकडं मागे ओढली. वर ताटली, ताटलीत पाणी. चुलीत नुसते निखारे. मी फुंकणी घेतली तशी ती खेकसली, "जाळ करू नुको! तिसरे वातड होतत."

थोड्या वेळाने खोबरं पेरून तिने टोप उतरवला. पहिलं ताट बाबांना वाढलं. "तुझीच माडी हा ती. जेव."

बाबांनी एक शिंपी उचलली, तोंडाला लावून चोखली. मग दुसरी. आम्ही पोरं आमच्या ताटातलं विसरून त्यांच्याकडे बघत होतो. मांस लोण्यासारखं मऊ, रस्सा आंबटगोड. त्यांच्या ताटाशेजारी शिंपल्यांचा ढीग वाढत गेला. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला, तो धुरामुळे असं मला तेव्हा वाटलं.

संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. तो तसाच विरत गेला, आणि बाबांची गिरणीही सुटली. पुढल्या मोठ्या सुकतीला मात्र ते लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून आईच्या मागोमाग खाडीत उतरले. रोवळी त्यांच्या हातात होती.